दुसरी रेघ

१

थोरल्याच्या गॅरेजात एक नियम होता आणि तो त्याच्या गुडघेदुखीपेक्षाही जुना होता.

गाडीचा कुठलाही जोखमीचा बोल्ट एका भावाने आवळायचा आणि त्यावर पांढरी रेघ ओढायची, बोल्टच्या डोक्यावरून थेट शेजारच्या लोखंडापर्यंत. बोल्ट पुढे केसभर जरी ढिला झाला तरी रेघ तुटते आणि चटकन नजरेला येतं. मग दुसऱ्या भावाने तोच बोल्ट पुन्हा तपासायचा आणि शेजारी पिवळी रेघ ओढायची. थोरला उजव्या हाताचा, धाकटा डावरा. त्यामुळे पांढरी रेघ एकीकडे कलायची, पिवळी दुसरीकडे, आणि दोन्ही वरच्या टोकाला भेटून घराच्या छपरासारखा आकार व्हायचा. "छप्पर झालं का?" असं ते एकमेकांना विचारत. छप्पर झाल्याशिवाय गाडी शटरबाहेर पडत नसे.

चुकल्याची शिक्षाही ठरलेली होती. धाकट्याला थोरल्याचा एखादा ढिला बोल्ट सापडला की तो अवाक्षर काढायचा नाही. बोल्ट काढायचा, चिंधीने पुसायचा आणि गुपचूप थोरल्याच्या चहाच्या पेल्यात सोडायचा. चहा संपत आला की तो घरंगळत येऊन दातावर आपटायचा. तीस वर्षांत असं पाच-सहा वेळा झालं असेल. दर वेळी थोरला आगपाखड करायचा आणि धाकटा पोट धरधरून हसायचा.

आता धाकटा जाऊन तीन वर्षं झाली होती. थोरला एकटाच आवळायचा, एकटाच पांढरी रेघ ओढायचा आणि दुसरी रेघ विसरून जायचा. गिऱ्हाईकही फार उरलं नव्हतं. हातातलं हे शेवटचं काम झालं की शटर कायमचं खाली, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. त्याला कंटाळा आला नव्हता, तो थकला होता. या दोन्हीतला फरक साठीच्या आसपास चांगला कळतो.

मंगळवारी दुपारी जेवून तो खाली आला, बॉनेटखाली दिवा लावला आणि सकाळी बसवलेल्या टर्बोकडे पाहिलं. चार नट, चार पांढऱ्या रेघा. आणि प्रत्येक पांढऱ्या रेघेशेजारी एक पिवळी, डावीकडून येऊन तिला टेकलेली.

चार छपरं. त्याने बोट लावलं तर रंग बोटाला लागला.

२

गाडी धाकट्याची होती. जपानी, दोन दारांची, लांब नाकाची, तिशी ओलांडलेली आणि इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या दोन टर्बोंची. दोन टर्बो म्हणजे दुप्पट नळ्या, दुप्पट उष्णता आणि चौपट कटकट, असं थोरला म्हणायचा. लहान-लहान रबरी नळ्यांचं तर असं जाळं होतं की एक जरी चुकीच्या तोंडाला लावली तरी दुसरा टर्बो झोपून राहायचा. तिचे नखरेही होते. निघण्याआधी इंजिन पाच मिनिटं नुसतं चालू ठेवून तापवायचं. आल्यावर लगेच बंद करायचं नाही, टर्बो निवू द्यायचे. त्यासाठी धाकट्याने आत एक टायमर बसवला होता: किल्ली काढून घेतली तरी इंजिन दीड मिनिट आपलंआपण चालत राहायचं आणि मग विझायचं. "धाप टाकतेय बिचारी," म्हणत तो तेवढा वेळ गाडीतच बसून राहायचा.

याच गाडीत तो गेला. घाटाच्या उतारावर, भर दुपारी, कोरड्या रस्त्यावर गाडी डाव्या कठड्यावर गेली. तपासणाऱ्यांनी वाकलेलं लोखंड पाहिलं, गाडीचं रूप पाहिलं आणि वेगाचं कारण लिहून टाकलं. अशा गाडीला दुसरं कारण कोण शोधत बसतो? भावजयीनेही ते मान्य केलं. तिला राग धरायला काहीतरी हवं होतं, तिने नवऱ्याच्या वेगाचा राग धरला.

मान्य केलं नाही ते फक्त चिमीने. चिमी म्हणजे धाकट्याची मुलगी, आता चोवीस वर्षांची, शाळेत शिकवायची, दिवसाला शंभर वह्या तपासायची.

"बाबा गाडी जोरात चालवायचेच नाहीत, काका," ती म्हणायची. "मी शेजारी बसून कंटाळायचे. मागून सायकलवाले घंटा वाजवायचे."

वर्षापूर्वी तिनेच ताडपत्रीखालचा सांगाडा पुन्हा उभा करायचा हट्ट धरला. थोरल्याने नाही-नाही म्हणून पाहिलं. पण पोरीपुढे त्याचं कधी काही चाललं नव्हतं, आणि नाही म्हणायचं खरं कारण तिला सांगता येण्यासारखं नव्हतं. आता गाडी तयार होत आली होती. चिमीला घाटापलीकडच्या शाळेत नोकरी लागली होती. येत्या रविवारी सकाळी ती याच गाडीने, त्याच घाटातून, एकटी जाणार होती.

३

पिवळ्या रेघेचं काहीतरी साधं कारण असणार, हे थोरल्याने गृहीत धरलं. तो भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. बिघाड असेल तर कारण असतंच, यावर त्याचं पोट भरलं होतं.

पहिलं कारण तो स्वतः. साठी, रक्तदाब, झोप नाही. हाताला तीस वर्षांची सवय, ओढली असेल आपणच आणि विसरलो असू. त्याने धाकट्याचा हत्यारांचा खण उघडला. पिवळं मार्कर होतं तिथेच होतं, टोपण लावलेलं. कागदावर घासून पाहिलं. टोक लाकडासारखं कडक झालं होतं, कागदावर नुसता ओरखडा उठला. त्याने मार्कर खिशात टाकलं, संध्याकाळी वर नेलं आणि कपाटात कपड्यांखाली ठेवलं.

बुधवारी त्याने गिअरबॉक्सचे बोल्ट आवळले. जेवून आला तेव्हा त्या प्रत्येकावर छप्पर होतं.

दुसरं कारण भावजय. घर वरच्या मजल्यावर, गॅरेजात उतरणारा आतला जिना एकच. पण नवरा गेल्यापासून तिने गॅरेजची फरशी तुडवली नव्हती. चहा ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवायची, कठड्यावर बांगडी वाजवायची आणि माघारी वळायची.

"आज खाली आली होतीस का गं?" त्याने रात्री जेवताना विचारलं.

"मी? त्या गाडीपाशी?" ती वाढता वाढता थांबली. "भाऊजी, रविवारी ती घेऊन पोरगी निघेल तेव्हा मी मागच्या खोलीत दार लावून बसणार आहे. मला त्या गाडीचं तोंड दाखवू नका."

प्रश्न तिथेच संपला. थोरला पानावर मान घालून जेवत राहिला आणि तेवढ्यात खालून आवाज आला.

टक्-टक्.

ओळखायला वेळ लागायचं कारण नव्हतं. तो टॉर्क रेंचचा आवाज होता. ठरलेला जोर लागला की हा लांब दांड्याचा पाना एकदा टक् करतो आणि हाताला हलकासा झटका देतो. थोरला एकदाच टक् करून सोडायचा. धाकटा नेहमी दोनदा करायचा. एकदा बोल्टसाठी, एकदा मनासाठी, म्हणायचा. दोघांना काम शिकवणारे उस्ताद मात्र आवाजावर भरवसा ठेवू द्यायचे नाहीत. "टक् तळहातानं ऐका रे, कानानं नको," ते म्हणायचे. "कान काय, कुणाचंही ऐकतो."

"काही वाजलं का?" थोरल्याने विचारलं.

"भांडं असेल," भावजय म्हणाली. पण तिने खाली पाहिलं नाही आणि त्याच्याकडेही पाहिलं नाही. नंतर बराच वेळ ती रिकाम्या ताटातला एकच कण बोटाने इकडून तिकडे सारत होती.

४

आता जे सांगायचं ते थोरल्याला शोभणारं नाही, पण झालं ते असं. त्याला बरं वाटलं.

तीन वर्षं तो प्रत्येक बोल्ट आवळून पुन्हा आवळत होता आणि तरी अंथरुणावर पडल्यावर उठून खाली जात होता. आता दुपारी जेवून यावं तर तपासणी झालेली असायची. रेघा स्वच्छ, ओल्या, ताज्या रंगाचा वास सोडणाऱ्या. गुरुवारी त्याने इंजिनाचे आधार आवळले आणि दुसऱ्यांदा पाहिलंही नाही. खुशाल वर जाऊन लवंडला. पाठ टेकल्यावर खालून टक्-टक् ऐकू येत होतं, थांबत थांबत, एका बोल्टवरून दुसऱ्यावर जाणाऱ्या माणसाच्या गतीने. त्याला भीती वाटायला हवी होती. त्याला झोप लागली.

भीती उठल्यावर आली. आपण कशावर विसंबून झोपलो, हे लख्ख उन्हात ध्यानात आलं. खाली येऊन त्याने पाहिलं. सगळी छपरं जागच्या जागी. हे हातून नकळत होत असेल, तर आपण वर झोपलो होतो. कोणी चेष्टा करत असेल, तर त्याला धाकट्याचा हात कुठून आला? रेघ सुरू होताना जाड, संपताना बारीक, टोकाला किंचित झटका. हे कोणाला शिकवून येत नाही.

त्याने मग एक उद्योग केला. डॉक्टरने सांगितलेल्या गोळ्या घेऊन, डोकं शांत ठेवून, शुक्रवारी सकाळी मागच्या सीटखालचा एक बोल्ट त्याने नुसत्या बोटांनी फिरवून ठेवला. आवळला नाही. वर पांढरी रेघ ओढली, अगदी नेटकी. सीट आहे, तिने कोणाचा जीव जाणार नाही. मग तो समोरच्या टपरीवर जाऊन तासभर बसला, तिथून शटर दिसत होतं. कोणी आत गेलं नाही, कोणी बाहेर आलं नाही.

परत आला तेव्हा सीटच्या बाकीच्या तीन बोल्टांवर छपरं होती. चौथ्या जागी नुसतं भोक होतं.

कठड्यावर बांगडी वाजली. त्याने पायरीवरचा पेला उचलला आणि उभ्याउभ्याच चहा प्यायला लागला. शेवटच्या घोटाला काहीतरी गडगडत आलं आणि पुढच्या दातावर आपटलं.

बोल्ट होता. चिंधीने पुसलेला.

थोरला पायरीवर बसला. हसू येईल असं त्याला वाटलं होतं, कारण त्या आवाजापाठोपाठ तीस वर्षं कोणीतरी हसत आलं होतं. गॅरेजात कोणी हसलं नाही.

५

डाव्या पुढच्या चाकाचा ब्रेक त्याने मुद्दाम शेवटी ठेवला होता.

चाकाच्या आत एक लोखंडी तबकडी फिरते आणि ब्रेकचा कॅलिपर तिला चिमट्यासारखा पकडतो. तो कॅलिपर दोन बोल्टांवर उभा असतो, एक वर, एक खाली. अपघातानंतर वाकलेल्या लोखंडात वरचा बोल्ट तुटलेला मिळाला. खालचा मिळालाच नाही. दरीत कुठेतरी असेल, असं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. सगळ्यांनी म्हणजे थोरला धरून.

त्या दिवशी दुपारी दोघं भाऊ गाडीच्या दोन बाजूंना बसले होते. थोरला डाव्या चाकाशी, धाकटा उजव्या. दोघांच्या हातात टॉर्क रेंच, दोघं आपापल्या बोल्टवर. थोरल्याने खालचा बोल्ट आवळला, टक् ऐकलं, पांढरी रेघ ओढली. त्या टक्‌ची तो आजही शपथ घ्यायला तयार होता. मग दोघांनी जागा बदलून एकमेकांचं काम तपासायचं, तेवढ्यात धाकट्याला फोन आला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. थोरल्याचे गुडघे ठणकत होते, सकाळपासून तो फरशीवर होता. आपण आवळलंय, आपण ऐकलंय, आता हा कधी येणार आणि कधी तपासणार? त्याने धाकट्याचं पिवळं मार्कर उचललं, दुसरी रेघ स्वतःच ओढली आणि चाक चढवून टाकलं.

"छप्पर झालं का, दादा?" धाकट्याने आत येत विचारलं होतं.

"झालं," थोरला म्हणाला होता.

हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं. लोक वेगाला दोष देत होते तेव्हा तो गप्प बसला. भावजय मेलेल्या नवऱ्यावर चिडून रडली तेव्हाही तो गप्प बसला. वेळेवर न बोललेली गोष्ट पुढे बोलता येत नाही, नुसती जड होत जाते. तीन वर्षं ती पाठीवर घेऊन तो वर-खाली करत होता आणि लोक म्हणत, भावाच्या मागे अगदी खचला बिचारा.

शुक्रवारी दुपारी त्याने नवे बोल्ट घेतले आणि कॅलिपर बसवला. वरचा आवळला. टक्. खालचा आवळला. टक्. पांढऱ्या रेघा ओढल्या आणि जेवायला गेला. आल्यावर पाहिलं: वरच्या बोल्टवर छप्पर होतं. खालच्यावर नव्हतं.

त्याने पुन्हा पाना लावला, दाबला. टक् झालं. तासभर बाहेर जाऊन आला. पिवळी रेघ नाही.

शनिवारी त्याने बोल्ट बदलला. आटे ब्रशने साफ केले, नवा बोल्ट बसवला, पाना लावला, डोळे मिटून ऐकलं. टक्. रेघ. दुपार झाली, संध्याकाळ झाली. त्या एका जागी पांढरी रेघ एकटीच राहिली, भिंत उभी आणि छप्पर अर्धं असल्यासारखी. पेल्यात बोल्टही येत नव्हता. नुसतं काही होत नव्हतं, आणि ते सगळ्यात वाईट होतं.

"काय पाहिजे तुला?" तो शेवटी चाकाशी बोलला. "आवळलाय रे बाबा. तीनदा आवळलाय."

गाडीच्या पलीकडून कोणीतरी फरशीवर गुडघा बदलल्यासारखा आवाज आला. थोरल्याने वाकून गाडीखालून पाहिलं. पलीकडे उजवं चाक होतं, त्यामागे शटरखालून येणारी उन्हाची पट्टी होती. त्या पट्टीत मधोमध, एका माणसाच्या रुंदीइतकं, ऊन नव्हतं.

तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग पाठ धरली, डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसून पुन्हा पाहिलं तेव्हा पट्टी अखंड होती.

६

रविवारी सकाळी चिमी आठ वाजता खाली आली. बॅगा डिकीत टाकल्या, बाबांच्या सीटवर बसून सीट पुढे ओढली आणि आरसा खाली केला.

थोरला त्याआधी तासभर डाव्या चाकाशी बसून होता. काय हवंय ते त्याला कळत नव्हतं असं नाही. पिवळी रेघ बोल्टवर अडली नव्हती, त्याच्यावर अडली होती. वर जाऊन दोघींना समोर बसवायचं आणि सांगायचं, एवढंच. पण आज पोरगी नव्या नोकरीवर निघालेली. आज तिच्या मनात हे घालायचं? घाटात जाताना? नंतर सांगू. बोल्ट तर घट्ट आहे. पाना लावला, टक् होतंय.

दमलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला फार शब्द लागत नाहीत. त्याने नव्याने आणलेलं पिवळं मार्कर उघडलं आणि दुसरी रेघ ओढली. हात उजवाच, त्यामुळे रेघ पांढरीला समांतर पडली. मग त्याने चाक चढवलं.

"छप्पर झालं का, काका?" चिमीने खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं. लहानपणी हे विचारायचा मान तिचा असायचा.

"झालं," तो म्हणाला.

तिने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, मग हळूहळू त्याचा आवाज खाली येत एकसारखा झाला. पाच मिनिटं तापवायचं. चिमी सीटवर मागे टेकून डोळे मिटून ऐकत बसली, अगदी बापासारखी.

कठड्यावर बांगडी वाजली. भावजय मागच्या खोलीत गेली नव्हती. ती शेवटच्या पायरीवर पेला हातात घेऊन उभी होती, डोळे सुजलेले.

"निदान तुम्ही नीट बघितलंय ना सगळं?" ती म्हणाली. "तुमच्या भरवशावर सोडतेय तिला."

थोरल्याने उत्तराऐवजी पेला घेतला आणि तोंडाला लावला. चहा गार होता. दोन घोटांतच ते आलं आणि दातावर आपटलं. या वेळी जोरात, दात दुखेल इतकं.

त्याने तळहातावर घेतलं. नवा बोल्ट नव्हता. गंजलेला, आट्यांत दरीतली लाल माती, एका बाजूला वाकलेला. पण डोकं स्वच्छ पुसलेलं होतं, आणि त्यावर दोन रेघांचे तुकडे होते. एक पांढरा, एक पिवळा.

"हे काय?" भावजय म्हणाली. "कुठून आलं?" पेला तिनेच भरला होता, तिनेच धुतला होता, आणि ती थोरल्याच्या तोंडाकडे पाहत एक पायरी मागे सरली.

चिमी गाडीतून उतरली. किल्ली तिच्या हातात होती; इंजिन टायमरवर चालतच राहिलं. तिने बोल्ट काकाच्या हातातून घेतला, उजेडात धरला आणि वही तपासावी तसा पाहिला.

"काका, हे छप्पर नाहीये," ती म्हणाली. "दोन्ही रेघा एकाच हाताच्या आहेत."

दीड मिनिट इंजिन चालत होतं. दीड मिनिट फार नसतं, पण थोरल्याने जे सांगायचं ते तेवढ्यात सांगून झालं. तीन वर्षांचं ओझं, आणि वाक्यं निघाली पाच-सहा. "तो जोरात चालवत नव्हता," हे शेवटचं. भावजय खाली पायरीवर बसली. तिने पदर तोंडाशी धरला आणि मग पहिल्यांदा, तीन वर्षांत पहिल्यांदा, नवऱ्यासाठी रडली. इंजिन विझलं.

७

चिमी रडली नाही. ती डाव्या चाकाकडे पाहत होती.

"आणि आज?" तिने विचारलं. "आजची पिवळी कोणी ओढली?"

थोरल्याने खिशातलं नवं पिवळं मार्कर काढून पुढे केलं. तेवढं पुरे होतं.

तिने जॅक ओढून आणला. थोरला पुढे झाला तर तिने हातानेच थांबवलं. चाक तिने स्वतः उतरवलं, लहानपणी बापाने शिकवलं होतं. खालच्या बोल्टवर दोन रेघा होत्या, शेजारी शेजारी, अखंड, न तुटलेल्या. म्हणजे बोल्ट जागचा हलला नव्हता. थोरल्याचा जीव जरासा भांड्यात पडला. निदान हे तरी आपण नीट केलं होतं.

"पाना द्या," चिमी म्हणाली.

तिने टॉर्क रेंच बोल्टवर बसवला आणि दांडा दाबला. घट्ट बोल्टवर पाना जागचा हलत नाही, लगेच टक् होतं. पाना हलला. बोल्ट त्याच्याबरोबर फिरला, सहज, तेलातून फिरावा तसा. दोन्ही रेघा तुटल्या. थोरल्याने तो तीनदा आवळला होता. तिन्ही वेळा ऐकलं होतं.

पाना पाव वळसा फिरला, अर्धा फिरला.

टक्.

"हां, आता बसला," चिमी म्हणाली आणि तिने हात थांबवला.

थोरला तिच्या हाताकडेच पाहत होता. मनगटाला झटका बसला नव्हता. दांडा फिरता फिरता तिनेच थांबवला होता, आवाज ऐकून. त्याने तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि एका बोटाने दांडा ढकलला. बोल्ट अजून फिरत होता.

"पण वाजलं ना," चिमी म्हणाली. "काका, मी ऐकलं. तुम्हीही ऐकलंत."

त्याने ऐकलं होतं. आता त्याला ते कुठून आलं तेही कळलं होतं, आणि तीन वर्षांपूर्वीचं कुठून आलं होतं तेही. तो गाडीला धरून सावकाश उठला आणि टपावरून पलीकडे, उजव्या चाकापाशी पाहिलं.

आज तिथे कोणी नव्हतं. त्या दिवशी धाकटा होता, आपल्या बोल्टवर पाना लावून.